कणगीतलं घुबड

वरची आळी, रोह्याजवळ
६ जानेवारी २०२५

गोदू,

पत्र बघून घाबरू नको, कोण गेलंबिलं नाय. सगळी खुशाल हायती. फोन केला असता, पण फोन तुझ्या लेकीच्या हातात. मला कमी ऐकू येतं म्हणून माझी ही गुणाची सून त्याचा आवाज असा मोठा सोडते की आपण दोघी काय बोलतो ते खालच्या आळीतल्या म्हशींनापण कळतं. आन् हे सांगायचं हाय ते म्हशींना कळून उपयोग नाय. म्हणून चौथीपर्यंतचं शिक्षण आज बाहेर काढलं. तुझा सुशील धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली की आमच्या फाट्यावर चहाला उतरतो, त्याच्या डब्याच्या पिशवीत हे घालते. भाताच्या शितांनी चिकटवलंय, फोडलेलं असलं तर लेकाचा कान धर.

काल सुजय आला. आपला सुजय गो, तुझा आन् माझा मिळून एक नातू. दीड वर्षानं आला. पुण्याच्या त्या काँप्युटरच्या कंपनीत त्याला सुट्टीच नसते म्हणे. गाडीतून उतरला तो हातात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी, बाळंतिणीनं पोर धरावं तसं धरलेलं. उघडून बघते तर बाटल्या. अकरा. एकेकीवर असली चितरं, की जत्रेतली पाळण्यावरची बरी.

मी म्हटलं, "काय हाय रे हे?" तर स्वयंपाकघराकडे बघून हळू आवाजात म्हणतो, "सावर आहे, आजी. दोन वर्षं लाकडात मुरवलेली." मी लगेच ओळखलं. आपली काटेसावर. शिमग्याला होळीत उभी करतात ती. आपल्या माहेरी सुजेवर तिची साल उगाळून लावायची, तुला आठवत असेल. पुण्याची माणसं फिरून फिरून झाडपाल्यावरच आली बघ.

तो म्हणाला, "माझी खोली तापते, तुझ्या भाताच्या कणगीची खोली गार. यांना ऊन नको, उजेड नको, हलवायचं नाय." मग मी कणगीच्या बाजूला तुसात पुरल्या सगळ्या, अंडी पुरतो तशा. आन् जाताना काय म्हणाला माहीत हाय? "दर महिन्याला बघायला येईन." दर महिन्याला, गोदू. दोन वाट्या वालाचं बिरडं खाल्लं. वाटी चाटली. मी रात्रभर हसत होते, तुझी लेक म्हणाली, आई, झोपेत काय झालं.

तुझ्याकडे काय ठेवलंय का त्यानं? खरं सांग.

तुझी विहीण आन् त्याआधी तुझी पाटीवरची मैत्रीण,
हौसा


पेण
१० जानेवारी

हौसा,

तुझं अक्षर वाचायला दोन चष्मे लागले, एक माझा आणि एक ह्यांचा.

तुझ्याकडे यायच्या आधी तो माझ्याकडे आला होता, हे त्याने तुला सांगितलं नसणार. पुण्याहून येताना पेण आधी लागतं, त्याला मी काय करू. सात बाटल्या ठेवल्यात, पलंगाखाली पापडाच्या डब्यांच्या मागे. मला मात्र सावरबिवर काही बोलला नाही. काळ्या बाटल्या आहेत. म्हणाला, "स्टाउट." मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणतो, "एकदम ताकदीची." म्हणजे टॉनिक.

आमचे हैबतराव व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. घरात अनोळखी बाटली आली की त्यांचं रक्त तापतं. भिंग घेऊन बसले लेबल वाचायला. तासाभराने म्हणाले, "यात जव आहेत. जव पथ्याला चालतात." आणि वर म्हणाले, "गोदू, दोन चमचे घेऊन बघायला हरकत नाही, अशक्तपणा वाटतोय." तेवढ्याच तासात त्यांनी एक वाटी पोह्याचे पापड संपवले होते. अशक्तपणा कुठून आला ते विचारलं नाही मी.

जेवल्यावर दोन-दोन चमचे घेतो. चव सांगू? तव्यावर विसरलेली भाकरी असते ना, तिचा करपलेला पापुद्रा गुळाच्या पाण्यात बुडवावा, तशी. आधी नको वाटते आणि मग चमचा चाटावा वाटतो. तू पण गुडघ्यासाठी घे. सालीचा काढा वाया घालवू नये. नातवाला सांगायची गरज नाही, औषध मोजून कोण ठेवतं.

गोदू


वरची आळी
१६ जानेवारी

गोदू,

तू आधी न् मी नंतर, हे तू जन्मभर सांगतेस. शाळेतपण तुझा नंबर आधी. राहू दे. माझ्याकडे अकरा हायती, तुझ्याकडे सात.

घेतलं गो. तुझी लेक दर्शना वाल खुडायला गेली तेव्हा घेतलं. बाईचं चितर हाय ती बाटली काढली. झाकण निघता निघेना. शेवटी अडकित्ता लावला. फेस असा वर आला, पदरानं पुसेपर्यंत जमिनीवर सांडला, कोंबड्या येऊन चोची मारून गेल्या. त्यातली एक अजून वाकडी चालते, पण अंडी रोज घालते.

चव सांगते. केळीच्या पानावर गरम भात वाढला की पानाचा जो वास सुटतो, तो. हुबेहूब. वर थोडी लवंग. मला लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं. तू म्हणतेस दोन चमचे, पण चमच्यानं घेतलेलं माझ्या अंगाला लागत नाय, म्हणून वाटीनं घेतलं. दहापैकी आठ.

चार दिवसांनी पोपटवाली काढली. ती कडू. कडुनिंबाचा मोहर असतो तशी, पण नाकाजवळ नेली तर हापूसच्या देठाचा चीक. तोंडात एक न् नाकात दुसरं. तुझ्या नणंदेसारखी. दहापैकी पाच, आन् दुसऱ्या वाटीला सात.

गुडघे काय सांगू. परवा बांधावरून वालाच्या शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन आले, आन् जात्यावरच्या ओव्या म्हणत होते असं दर्शना सांगते. घरात जातं नाय वीस वर्षं.

एक बाटली मात्र मला बघवत नाय. तिच्यावर घुबड हाय. मोठाले डोळे. धान्याच्या खोलीत घुबड, हे काय बरं नाय गो. मी तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलंय.

हौसा


पेण
२७ जानेवारी

हौसा,

घुबड लक्ष्मीचं वाहन असतं. चौथीनंतर शाळा सोडली की असं होतं.

पण आता नीट वाच. काल सुट्टीचा सुजय आला होता. पलंगाखाली शिरून बाटल्या मोजल्या. सातच्या पाच. माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे बघितलं, हे म्हणाले, "मांजर." आमच्याकडे मांजर कधी नव्हतं. पण सुजयचं लक्ष दुसरीकडेच होतं. मग कळलं कुठे होतं.

त्यांची चार-पाच जणांची टोळी आहे. हे बाटल्या जमवतात. कुठली कुणी केली, किती केल्या, कुणाला मिळाली नाही, यावर तासन्‌तास बोलतात. आपल्याकडे बायका एकमेकींचे पापड हातात घेऊन उजेडाला धरतात तसंच. आणि या सगळ्यांत मोठी, न मिळणारी, माणसं जिच्यासाठी परदेशात रांगा लावतात ती बाटली तुझ्याकडे आहे. घुबडवाली. ती सोळा फेब्रुवारीला, रविवारी तुझ्याकडे येऊन सगळे मिळून फोडणार आहेत. दर्शना आणि जावई दिनानाथराव त्या दिवशी माणगावला लग्नाला जाणार, हे त्याने आधीच काढून ठेवलंय.

आणि दुसरं. त्याने विजेवर चालणारं गार कपाट घेतलंय, फक्त बाटल्यांसाठी. मला म्हणाला, "सोळा तारखेनंतर सगळ्या पुण्याला नेतो. तुम्हा आज्यांना त्रास नको."

घुबडाला हात लावू नकोस.

गोदू


वरची आळी
२९ जानेवारी

गोदू,

तुझं पत्र दहा दिवस आधी यायला पाहिजे होतं.

घुबड फोडलं गो मी. तोंड भिंतीकडे केलं तरी ते मागून बघतंय असं वाटायचं. आन् त्याच्यावर लाकडाच्या पिंपाचं चितर होतं, म्हणून वाटलं हीच खरी मुरलेली सावर, गुडघ्याला हीच. बूच तारेनं बांधलेलं. तार सोडवली तर बूच आपणहून उडालं ते वर कौलाला लागलं. कौल फुटलं. दिनानाथला सांगितलं माकडानं फोडलं.

आन् चव. अगो, पावसात भिजलेली बैलाची झूल, चार दिवस कोपऱ्यात पडलेली, तो वास आधी. मग ओलं गोणपाट. आन् तोंडात गेल्यावर सडकी कैरी. माझं तोंड असं वाकडं झालं की मी अर्धा तास सरळ करत बसले. एकच घोट. उरलेली शेवग्याच्या बुडाशी ओतली. दहापैकी शून्य. शून्याच्या खाली आकडा असला तर तो. मला वाटलं औषध नासलं, पोराला सांगून त्याला कशाला दुःख द्या.

आता रांगा लावतात म्हणतेस. त्या रांगेतल्या माणसांना कोणीतरी आधी वास दाखवायला पाहिजे होता.

बाटली गेली त्याचं मी बघून घेईन. बोलेल तो दोन शब्द, आपलंच पोर हाय. मला झोप लागत नाय ती त्या कपाटापायी. दीड वर्षात एकदा येणारा पोर या महिन्यात दोनदा आला, दुसऱ्या वेळी घुबड अजून शाबूत होतं म्हणून बरं. आला की तुसात हात घालतो, एकेक बाटली काढून बघतो, आन् बघता बघता माझ्याशी बोलतो. ऑफिसातला साहेब कसा हाय, जेवणाच्या डब्यात काय असतं, त्याला रात्री दात कुरकुरायची सवय अजून हाय. हे सगळं मला त्या बाटल्यांमुळे कळलं. कपाट आलं की कशाला येईल? वालाच्या बिरड्यासाठी पुण्याहून कोण पेट्रोल जाळतं.

तुला कळतंय ना मी काय सांगते.

हौसा


पुणे
४ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तू सुशीलमामाकडून पत्रं पाठवतेस असं कळलं, म्हणून मी पण लिहितोय. फोनवर तू "व्हय व्हय" म्हणतेस तेव्हा मला कळतं की तुला काही ऐकू आलेलं नाही.

आम्ही सोळाला चौघे येतोय. मी, साईराज, गणेश आणि अपेक्षा. गडबड करू नकोस. जमलं तर मडक्यात शेंगांची पोपटी लाव, भांबुर्डीचा पाला मिळत असेल तर. मी यांना एक महिना पोपटीबद्दल सांगतोय.

आता थोडं स्पष्ट सांगतो, नाहीतर त्या दिवशी तुला धक्का बसेल. सावर म्हणजे झाड नाही. इंग्रजीत आंबटाला तसं म्हणतात. ही आंबट बिअर आहे. हो, बिअर. घाईत तुला नीट सांगता आलं नाही आणि नंतर धीर झाला नाही. आईबाबांना सांगू नकोस. पेणच्या आजोबांना तर मुळीच नको.

घुबडवाली जी आहे तिची गोष्ट ऐक. तिच्या जगात साठच बाटल्या भरल्या गेल्या. करणारा म्हातारा वारला, आता कधी होणार नाही. त्यातली एक साईराजला मिळाली, तीही चार वर्षांच्या खटपटीने. त्याने घर बदललं तेव्हा ती गणेशकडे ठेवली, गणेशची खोली गरम म्हणून माझ्याकडे आली, माझ्याकडून तुझ्याकडे. चार वर्षांत झाकणाला कुणी हात लावलेला नाही. गंमत अशी की इंटरनेटवर लोक तिला पाचपैकी पाच देतात, आणि आम्हाला आजवर असा एकही माणूस भेटला नाही ज्याने ती खरंच प्यायली आहे. सगळे दुसऱ्याने सांगितलेलं सांगतात.

साईराज ती दिवसातून एकदा तरी विचारतो. "कशी आहे ती?" आजारी माणसाबद्दल विचारावं तसं. मी सांगतो, माझ्या आजीकडे आहे, काळजी करू नकोस.

तुझा,
सुजय


पेण
१० फेब्रुवारी

हौसा,

सुजयचं पत्र तू मला पाठवलंस ते ह्यांच्या हाती पडू दिलं नाही.

एक कबूल करते. टॉनिक नाही, काळी बिअर आहे हे मला पहिल्याच चमच्याला कळलं होतं. पण तू इतक्या भक्तीने सावरीचा काढा म्हणत होतीस, म्हटलं गरीब बाईला कशाला सांगा. ह्यांनाही कळलेलं आहे, मला खात्री आहे. परवा मंडळाच्या सभेला जायच्या आधी म्हणाले, "गोदू, ते जवाचं पथ्य आहे का शिल्लक?"

मी रविवारी आले असते. पण त्याच दिवशी मंडळाचा मेळावा आहे आणि मला पहिल्या रांगेत बसायचं आहे.

हे म्हणत होते की त्या बाटलीत कोकमाचं सार भरून बूच लावून टाकावं. मी म्हटलं, मेळाव्याच्या अध्यक्षाला हे सुचतं कसं. तू तसलं काही करू नकोस. तुला खोटं बोलता येत नाही. गुरुजींची छडी कुणी लपवली म्हणून विचारलं तर तू नुसती छपराकडे बघायला लागलीस. छडी छपरातच होती. सांगून टाक. रागावला तर रागावला. राग ऐकायला तरी समोर येईल.

गोदू


वरची आळी
१८ फेब्रुवारी

गोदू,

मला काय कळलं नव्हतं होय? माडी आपण लहानपणी माझ्या आजोळी चोरून प्यायलो ती तू विसरलीस, मी नाय. झाडाच्या नावात मी फसले ते खरं, पण पहिल्या वाटीनंतर फसले नव्हते. मी म्हटलं गोदूचा नवरा अध्यक्ष, तिच्यापुढे काढाच म्हणावं. एकूण आपण तिघं एकमेकांना पथ्य सांगत होतो.

रविवारचं सांगते. सविस्तर सांगते, मध्ये उठू नको.

दहाला आली पोरं. साईराज म्हणजे हा थोरला, छातीपर्यंत दाढी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. पाया पडायला वाकला तर मला वाटलं भिंत कोसळते. गणेश बारीक, चष्मेवाला. अपेक्षा नावाची मुलगी, तिच्या हातात वही, बोलेल ते लिहून घेते. मी मडकं भरूनच ठेवलं होतं, वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, वर भांबुर्डी. परसात जाळ केला. पोरांनी आधी बाकीच्या बाटल्या काढल्या, लहान लहान पेले आणले होते पुण्याहून, भातुकलीतले असतात तसे. ओतायचं, उजेडाला धरायचं, हलवायचं, नाक घालायचं, आन् मग बोलायचं. पितात कधी ते कळतच नाय.

बाईच्या चितराची आणखी एक होती. गणेश म्हणाला, "मला यात पिकलेलं केळं लागतंय." अपेक्षा म्हणाली, "मला ओलं गवत." साईराजनं नुसते डोळे मिटले. मी जाळाजवळून म्हटलं, "केळं नाय रे बाबा, केळीचं पान. त्याच्यावर गरम भात."

चौघांनी परत नाक घातलं. अपेक्षानं वहीतलं खोडलं.

सुजय माझ्याकडे बघतोय. "आजी, तुला कसं माहीत?"

मी म्हटलं, "म्हातारं माणूस हाय, वासावरनं कळतं." आन् छपराकडे बघितलं. तू म्हणतेस ते खरं हाय.

मग पोपटी उपसली. साईराजनं शेंगांची सालंपण चोखली. खाऊन हात धुतले, तोंडं धुतली, चुळा भरल्या, देवाला जायचं असल्यासारखी. आन् सुजय म्हणाला, "आता ती आण, आजी."

मी आणली. रिकामी. बूच बाजूला. त्यांच्यासमोर मोरीच्या दगडावर ठेवली. म्हटलं, "मी फोडली. माझ्यावर रागवा, पण आत्ताच रागवून घ्या. घरी जाऊन रागावू नका."

गणेशनं चष्मा काढला. सुजयचं तोंड पांढरं. साईराज उठला, दोन पावलं चालला, आन् उंबऱ्यावर बसला, एवढा थोरला माणूस. मला वाटलं आता रडतो. मग त्यानं मान वर केली आन् विचारलं,

"कशी होती?"

नुसतं तेवढंच. राग नाय, काय नाय. आन् ते विचारलं तसे चौघंपण माझ्याकडे वाकले. मी चौसष्ट वर्षांची झाले, माझ्या तोंडाकडे कोणी असं बघितलं नाय. लग्नातपण नाय.

मी खोटं काय बोलणार. म्हटलं, जे हाय ते सांगावं. मी म्हटलं, "खरं सांगू? पावसात भिजलेली बैलाची झूल असते ना. चार दिवस कोपऱ्यात पडलेली. तसला वास."

आता शिव्या खाईन म्हणून डोळे मिटले. तर साईराजनं हात जोडले. मला गो. अपेक्षाच्या हातातून पेन पडलं. गणेश सुजयला म्हणाला, "झूल. झूल म्हणाल्या त्या. तसंच लिहिलेलं वाचलंय, घोड्याचं ओलं कांबळं. तोच वास असतो खऱ्याला." मेल्यांनो, मी नाव ठेवत होते तिला. त्यांच्यात तो मोठेपणा असतो.

"आणि पुढे?" साईराज म्हणाला. "तोंडात गेल्यावर?"

मी तोंड उघडलं होतं सांगायला. गोणपाट अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात सुजयकडे बघितलं. तो पुढे सरकून बसलेला, हनुवटीखाली हात, पाच वर्षांचा असताना मी भुताची गोष्ट सांगताना बसायचा तसा. आन् मला गुरुजींनी कधी शिकवलं नाय ते गणित एकदम सुटलं.

मी म्हटलं, "पुढचं असं घाईनं सांगता येत नाय. मडकं घासायचंय. परत याल तेव्हा सांगेन."

"कधी येऊ?" चौघं एकदम.

"पुढच्या महिन्यात या. बिरडं करते."

बघ बाई, मी काय खोटं बोलले?

हौसा


पुणे
६ मार्च

प्रिय आजी,

तेवीस तारखेला येतो आहोत. या वेळी सहा जण. दोघे ठाण्याचे आहेत, फक्त तुला भेटायला येताहेत. अपेक्षाने "झूल" वाचून दाखवल्यापासून त्यांना झोप नाही.

बाटल्या तुसातच राहू देत. ते विजेचं कपाट मी परत केलं. कारण विचारलंस तर सांगेन की तुझ्या कणगीची थंडी जास्त चांगली आहे.

साईराज मला रोज विचारतो, "आजींनी पूर्ण प्यायली असेल ना? घोट-घोट आठवत असेल ना त्यांना?" मी त्याला म्हटलं, आजीला घाई करायची नाही. सगळं एकदम सांगायला लावलंस तर बघ.

मलापण घाई नाही, आजी. खरंच सांगतो. सावकाश सांग.

तुझा,
सुजय

ता. क. शेवग्याला या वर्षी शेंगा फार आल्यात असं आई म्हणत होती. मी काही विचारलेलं नाही.


वरची आळी
२८ एप्रिल

गोदू,

तुझे पापड पोचले. सुशीलनं चार वाटेत खाल्ले असणार, पाकीट फुगलेलं नव्हतं.

तू विचारतेस की पोरं अजून येतात का. मार्चमध्ये सहा आली, परवाच्या रविवारी नऊ. अंगणात बसायला चटया पुरेनात, मी भात वाळवायच्या ताडपत्र्या अंथरल्या. दिनानाथला सगळं कळलंय, दर्शनालापण. तो पहिले दोन दिवस बोलला नाय. मग साईराजनं त्याच्या पंपाची मोटार दुरुस्त केली, आता म्हणतो, मुलं वाईट नाहीत, फक्त नाक फार घालतात. तुझी लेक तर नऊ जणांना पाणी देता देता स्वतः एका पेल्यात नाक घालून आली. म्हणाली, "आई, यात कच्चा फणस आहे." माझ्यावर गेली बघ. तुझ्यावर गेली असती तर टॉनिक म्हणाली असती.

मार्चमध्ये गोणपाट सांगितलं. गणेशनं विचारलं, तागाचं की प्लास्टिकचं? मी म्हटलं, तागाचं, युरियाच्या आधीच्या काळातलं. त्यावर त्यांची तासभर चर्चा चालली. परवा सडकी कैरी सांगितली, तर दोन तट पडले, रायवळ की हापूस. भांडण एवढं चढलं की मला विचारायला यावं लागलं. मी म्हटलं, आज आठवत नाय, पुढच्या वेळी आठवेल. सुजय तोंड फिरवून हसत होता. त्याला सगळं माहीत हाय गो, त्या रविवारपासून. रात्री थांबला तो. माझ्या गुडघ्याला तेल लावलं, आन् साहेबाची आन् त्या अपेक्षाची अशा दोन गोष्टी सांगितल्या. अपेक्षाची गोष्ट तुला पुढच्या पत्रात, ती मोठी हाय आन् त्याला नुसती वही आवडत नाय एवढं आत्ता सांगते.

हैबतरावांना म्हणावं, मेळावा नसेल त्या रविवारी यावं. पथ्याचं बघू.

तुला एकटीला सांगते. मी एकच घोट घेतला होता. पण आत्ता कुठं कैरीपर्यंत सांगून झालंय, अजून जिभेचं टोक, जिभेची कड, टाळा, घसा, आन् गिळल्यावर आलेला ठसका बाकी हाय. मी मोजून बघितलं. महिन्याला एक धरला तर तो घोट मला गणपतीच्या पुढे पुरतो.

हौसा